वाट पाहणाऱ्यांचं खाणं

गेल्या नवरात्रात भाच्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मामा, यातलं खरं काय ते सांग." तो घोडबंदर रोडला राहायला येऊन दोन वर्षं झाली. बायकोला घेऊन टेंभी नाक्याच्या देवीला जायचं आणि तिथेच काहीतरी खायचं, असा त्याचा बेत होता. मोबाइलवर 'ठाण्यात खायलाच हवं' छापाची दहा ठिकाणांची यादी होती. चष्मा लावून वाचली. मामलेदारची मिसळ, कुंजविहारचा जम्बो वडापाव, गजाननचा वडा आणि त्याच्यासोबतची बेसनाची पिवळी चटणी, प्रशांत कॉर्नर, मेतकूट, तलावपाळीवरचं आइस्क्रीम. नावं सगळी खरी, आणि त्यातल्या बहुतेकांना मी वर्षानुवर्षं पैसे दिलेले आहेत. पण भाच्यानं विचारलं होतं टेंभी नाक्याबद्दल. यादीतलं एकही ठिकाण नेमकं टेंभी नाक्यावर नव्हतं. काही स्टेशनजवळची, काही नौपाड्यातली, काही पार पाचपाखाडीतली.

यादीच्या भाषेचंही नवल वाटलं. मिसळ 'झणझणीत', वडा 'भन्नाट', थाळी 'अस्सल', आइस्क्रीम 'स्वर्गीय'. झणझणीत सोडलं तर बाकीची विशेषणं आपसांत बदलली असती तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. मराठीत खाण्याबद्दल हल्ली भरपूर लिहिलं जातं, पण त्यात परीक्षण फार थोडं असतं. नाटकाबद्दल लिहिणारा निदान ते कोणासाठी लिहिलंय हे विचारतो. कवितेबद्दल लिहिणारा ती कुठल्या मातीतून आली ते बघतो. खाण्याबद्दल लिहिणारा 'चव जिभेवर रेंगाळते' म्हणतो आणि पत्ता देऊन मोकळा होतो. एखादा पदार्थ याच नाक्यावर का रुजला, तो कोण खात होतं, किती घाईत आणि किती पैशांत, हे प्रश्न त्याला पडतच नाहीत. आणि हे प्रश्न न विचारता टेंभी नाक्यावरचं खाणं कळत नाही, असं माझं मत आहे.

आधी जागा पाहू. ठाणे स्टेशनातून पश्चिमेला उतरून जांभळी नाक्याकडे चालत निघालात की भाजीबाजाराची गर्दी लागते. तिथेच कोपिनेश्वराचं देऊळ आणि मासुंदा तलाव. तिथून पुढे दहाएक मिनिटांत टेंभी नाका येतो. या एवढ्याशा टापूत बेने इस्रायलांचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे. 'शाआर हाशामाइम' हे त्याचं नाव, म्हणजे स्वर्गाचं दार. पारश्यांची जुनी अगियारी आहे. मुनिसुव्रतस्वामींचं जैन मंदिर आहे. तलावाकाठी सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. स्टेशनच्या अंगाला चेंदणी आणि महागिरीचे कोळीवाडे आहेत. ठाण्यावर लिहिणारा प्रत्येक जण ही नावं ओळीनं मांडतो आणि शेवटी म्हणतो, 'अशी ही विविधता!' मग ओघानंच वाक्य येतं की इथलं खाणंही असंच विविध आहे.

यावर माझा सोपा उपाय आहे. खिशात पैसे घ्या, नाक्यावर उभे राहा आणि ही विविधता विकत घेऊन दाखवा. मिळेल काय? मिसळ, वडा, भजी, इडली, डोसा, राइस प्लेट, पावभाजी, चायनीज. बेने इस्रायली घरातला नारळाच्या दुधातला रस्सा इथे कुठल्या पाटीवर दिसत नाही. पारश्याचं धानशाक दिसत नाही. कोळणीच्या घरचं सुक्या बोंबलाचं कालवणही नाही. देवळं, अगियारी, सिनेगॉग रस्त्यावरून दिसतात, पण त्यांच्या भोवतीची स्वयंपाकघरं दाराआड आहेत. तेव्हा 'विविध खाण्याचा नाका' ही गोष्ट अर्धीच खरी. विविधता आहे, पण ती विक्रीला नाही.

न विकल्या जाणाऱ्यांपैकी दोन गोष्टी मी खाल्ल्या किंवा जवळून पाहिल्या आहेत. पहिली मलिदा. माझ्याबरोबर नोकरीला एक बेने इस्रायली बाई होत्या. आडनाव कोकणातल्या गावाचं, शेवटी 'कर', बोलणं आपल्यापेक्षा शुद्ध मराठी. कोकणात या समाजाला 'शनिवार तेली' म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. बाईंच्या नवऱ्याचं मोठं ऑपरेशन पार पडलं तेव्हा त्यांनी घरी मलिदा केला आणि दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी डब्यातून आणला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि फळांच्या फोडी. इलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन, नवस फेडायला किंवा संकट टळलं म्हणून हा करतात. हा प्रेषित अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. चवीचं विचाराल तर मलिदा थोडा अळणी वाटतो, कारण आपल्या जिभेला पोह्यांबरोबर फोडणीची सवय असते. पण दुसऱ्या घासाला ओल्या खोबऱ्याचा आणि पोह्याचा गोडवा वेगवेगळा कळायला लागतो. दुकानात ठेवला तर हा पदार्थ चालणार नाही. तो संकट टळलेल्या माणसानं करायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खायचा असतो.

दुसरी गोष्ट आयंबिल. जैनांच्या कथेत श्रीपाल राजाचं ठाण्याशी नातं सांगतात. श्रीपालाला कुष्ठरोग झाला होता. त्याच्या पत्नीनं, मयणासुंदरीनं, नवपदाची आराधना केली आणि तो बरा झाला. त्याची आठवण म्हणून चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवसांची ओळी करतात. या दिवसांत जेवण एकदाच आणि एका बैठकीत. तेल नाही, तूप नाही, दूध-दही नाही, गूळ-साखर नाही, भाजी नाही, फळ नाही. उकडलेलं धान्य, कडधान्य आणि उकळलेलं पाणी. आश्विनातली ओळी शुद्ध सप्तमीला सुरू होते. म्हणजे नवरात्राचे शेवटचे तीन दिवस आणि ओळीचे पहिले तीन दिवस एकच. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या उत्सवाचा मांडव नाक्यावर झगमगत असतो, बाहेर भजीच्या कढया धडधडत असतात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर कोणीतरी मीठ-तेलाचा विचार बाजूला ठेवून उकडलेले मूग खात असतं. ठाण्याची विविधता पाहायची तर या तीन दिवसांत पाहावी. पण तिचे फोटो निघत नाहीत, कारण उकडलेले मूग फोटोत चांगले दिसत नाहीत.

मलिदा काय, आयंबिल काय, दोन्ही आजारपणाच्या आसपासचे पदार्थ आहेत. एक बरं झाल्यावरचा, एक बरं वाटावं म्हणून. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, कारण टेंभी नाका मला मुळात ओळखीचा झाला तोच आजारपणामुळे.

१९९६च्या पावसाळ्यात माझे वडील इथल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालयात, अकरा दिवस होते. अर्धांगाचा झटका आला होता. आम्ही डोंबिवलीचे. आई दिवसा थांबायची, मी रात्री. सकाळच्या लोकलनं बहीण डबा आणायची, तो आई आणि वडिलांना. मी बाहेर खायचो. व्हरांड्यात माझ्या शेजारी मोखाड्याकडचा एक माणूस असायचा. त्याची बायको आत होती. पहिले तीन दिवस त्यानं फडक्यात बांधून आणलेल्या नागलीच्या भाकऱ्या खाल्ल्या, मिरचीच्या ठेच्याबरोबर. एकदा मला अर्धी दिली. तीन दिवसांची भाकरी म्हणजे चघळायलाच वेळ लागतो, पण नागलीचा तो मातकट, किंचित गोड वास अजून आठवतो. चौथ्या दिवशी फडकं रिकामं झालं आणि तो माझ्यासारखाच नाक्यावर आला. खिशात नेमके किती पैसे होते ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण तो आधी प्रत्येक पाटी वाचायचा, मग आत जायचा.

त्याच्याबरोबर फिरताना हा भाग मला कळला. टेंभी नाक्याच्या आजूबाजूला सिव्हिल, जिल्हा न्यायालय, कलेक्टर कचेरी, तहसील, तुरुंग, पलीकडे स्टेशन आणि एसटी. जिल्ह्याचं सगळं वाट पाहणं इथे एकत्र आणून ठेवलेलं. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा, वाडा, तलासरीपासून माणसं इथे यायची ती खायला नव्हे. कोणाची तारीख होती, कोणाचा सातबारा अडकला होता, कोणाचा भाऊ आत होता, कोणाची बायको खाटेवर. नाक्यावरचं खाणं या माणसांसाठी घडलं. म्हणून त्याला मापंही तीच लावली पाहिजेत. ते पटकन मिळायला हवं, कारण पुकारा कधी होईल सांगता येत नाही. पोटात टिकायला हवं, कारण पुढचं जेवण कधी ते माहीत नाही. एकट्या माणसाला ते खाताना अवघडल्यासारखं वाटता कामा नये. आणि खाऊन झाल्यावर थोडा वेळ बसू द्यायला हवं.

या मापांनी मामलेदारची मिसळ तपासा. नावच सांगतं की ती कचेरीच्या आवारातली. चालवणारं कुटुंब मुर्डेश्वर, म्हणजे आडनाव कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या गावाचं. ज्या पदार्थाला आपण हक्कानं मराठी म्हणतो तो ठाण्यात प्रसिद्ध केला या घरानं, यातच बरंच काही आलं. मिसळीचं कौतुक करताना सगळे तिच्या तिखटावर थांबतात. कमी, मध्यम की तिखट हे तुम्ही सांगायचं, आणि तिखट सांगणाऱ्यानं रुमाल जवळ ठेवायचा. मला तिखटापेक्षा तिची रचना महत्त्वाची वाटते. खाली उसळ, तिच्यावर फरसाण, वरून तर्री. ताटली समोर येते तेव्हा फरसाण कुरकुरीत असतं, पाच मिनिटांनी निम्मं भिजतं, दहा मिनिटांनी लगदा होतो. पदार्थच तुम्हाला लवकर खा म्हणतो. तर्री पातळ असल्यामुळे थोड्याशा उसळीत दोन पाव सहज सरतात. तिखटामुळे पाणी जास्त प्यायलं जातं आणि पोट भरल्यासारखं वाटतं. कमी पैशांत, दहा मिनिटांत, भूक मारणारा याहून हुशार पदार्थ मला माहीत नाही. तो चविष्टही आहे, हे वर.

वडापावही याच घराण्यातला. वड्यातला बटाटा आणि बाहेरचा पाव, दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे. ठाणं १७३७ साली मराठ्यांनी घेतलं तोवर दोनेकशे वर्षं त्यांच्याकडे होतं, त्यामुळे या दोघांनी इथे येऊन एकत्र नांदावं यात नवल नाही. कुंजविहारचा जम्बो वडा हा स्टेशनावरच्या माणसाचा वडा आहे. एकच घ्यायचा आणि कल्याणपर्यंत निश्चिंत राहायचं. पण आकार वाढवला की वड्याचं गणित बिघडतं. बेसनाचं आवरण आणि आतली भाजी यांचं प्रमाण सुटतं, मधल्या घासांत नुसता बटाटा लागतो. गजाननचा वडा यातून सुटलाय तो बेताच्या आकारामुळे, आणि त्या पिवळ्या चटणीमुळे. ती लसणाच्या सुक्या चटणीसारखी वड्याशी भांडत नाही, उलट वड्यावरचंच बेसन पातळ होऊन पुन्हा भेटावं तशी लागते. चवीत मी गजाननच्या बाजूचा. पण रात्री दहाला डोंबिवली लोकल पकडायची असेल तर जम्बोच्या.

तिसरी गोष्ट कोणत्याच यादीत येत नाही, ती उडप्याची राइस प्लेट. दुपारी अकरा-साडेअकराला सुरू, तीनला बंद. दोन-तीन पुऱ्या किंवा चपात्या, एक रस्साभाजी, एक सुकी, वरण, भात, ताक, पापड. एकही पदार्थ लक्षात राहील असा नाही, आणि तेच तिचं बळ. आजाऱ्याच्या नातेवाइकाला लक्षात राहणारं जेवण नको असतं, घरासारखं हवं असतं. वडिलांच्या त्या अकरा दिवसांत मी सात वेळा राइस प्लेट खाल्ली असेन. भाजी कोणती होती, एकदाही आठवत नाही. गरम वरणाचा वाफारा मात्र आठवतो.

मोखाड्याच्या माणसाला राइस प्लेट परवडत नव्हती. तो झुणका-भाकर खायचा. १९९५ साली युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली, ती तेव्हा चालू होती. भाकरी दुपारपर्यंत कडक व्हायची, झुणका कधी पिठूळ लागायचा. तो म्हणाला, "झुणका चालतोय. भाकर आपली नाय." एवढ्या दोन वाक्यांत त्यानं केलेलं परीक्षण मला अजून कुठल्या लेखात सापडलेलं नाही. काही वर्षांत योजना आटपली. टपऱ्या राहिल्या, पण कुठे वडापाव आला, कुठे चायनीज भेळ. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन आलं. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चपाती किती ग्रॅमची, भात किती ग्रॅमचा हे ठरलेलं. सरकारनं मोजलं ते योग्यच केलं. पण ती भाजी कशी लागते हे लिहायला आमच्यापैकी कोण गेलं? गरिबाच्या ताटाबद्दल आपण ग्रॅममध्ये बोलतो आणि आपल्या ताटाबद्दल विशेषणांत.

नवीन ठाण्यावर माझा राग नाही. घंटाळीजवळच्या मेतकूटमध्ये मऊ भात आणि मेतकूट मी मिटक्या मारत खाल्लाय. घरातला, तापातून उठलेल्या माणसाचा पदार्थ त्यांनी इभ्रतीनं टेबलावर आणला, हे चांगलं काम आहे. पण तिथे बाहेर नाव लिहून ताटकळावं लागतं. तिथे लोक खाण्यासाठी वाट पाहतात. टेंभी नाक्यावर लोक वाट पाहताना खात होते. दोन्हींना एकाच यादीत, एकाच ताऱ्यांच्या मापानं बसवलं की दुसऱ्या प्रकारचं खाणं कायम हरतं. आणि हरलेलं खाणं बंद पडतं तेव्हा कोणी हळहळत नाही.

ते बंद पडायला लागलंय. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा, वाडा, तलासरीची माणसं कचेरीच्या कामाला ठाण्याला येईनाशी झाली. त्यांचा हेलपाटा वाचला, हे उत्तमच झालं. मग सिव्हिलची जुनी इमारत पाडून तिथे मोठं रुग्णालय बांधायचं ठरलं आणि मधल्या काळात रुग्णालय मनोरुग्णालयाच्या आवारात हललं. फाटकासमोरची उसळपावाची गाडी, शहाळीवाला, रात्री दोनपर्यंत चहा देणारा, एकेक करून दिसेनासे झाले. नवं रुग्णालय उभं राहील तेव्हा आत खाटा किती, यंत्रं कोणती हे सगळे सांगतील. तिथल्या व्हरांड्यात रात्र काढणारा माणूस सकाळी सातला काय खाईल आणि कुठे बसून खाईल, हे आताच विचारायला हवं. तळमजल्यावर कॉफीचं चकचकीत दुकान येईल, आणि मोखाड्यासारखा कोणी पाटी वाचून परत फिरेल, याची मला धास्ती आहे.

भाच्याला एवढं सगळं सांगितलं नाही. अष्टमीला दुपारी आम्ही तिघं निघालो. देवीचं दर्शन झालं, रांग मोठी होती. भाच्याच्या बायकोचा उपास होता. मी त्यांना नाक्याजवळच्या एका साध्या उडप्याकडे नेलं. तिला साबुदाण्याची खिचडी, आम्हाला राइस प्लेट. खिचडी बरी होती, दाण्याचं कूट सढळ हातानं घातलेलं. आमचं सांबार गोडसर, सुकी भाजी कोबीची, पुऱ्या तेलकट. भाचा माझ्याकडे पाहत होता. मोबाइलवरच्या यादीत नसलेल्या ठिकाणी मामानं का आणलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तेवढ्यात एक म्हातारा आत आला. बरोबर सून असावी. तिच्या हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा होता. म्हाताऱ्यानं गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "इथलं सिव्हिल कुठं गेलं हो?"

गल्ल्यावरच्यानं रुग्णालय कुठे हललं ते सांगितलं, कोणत्या बाजूनं रिक्षा करायची ते सांगितलं. मग म्हाताऱ्याच्या पायांकडे बघून म्हणाला, "बाबा, आधी बसा. पाणी घ्या. काही मागवलंच पाहिजे असं नाही."

ती दोघं आमच्या शेजारच्या टेबलावर बसली. पाणी प्यायली. सुनेनं पाटी वाचली आणि एक इडली मागवली, दोघांत. भाच्यानं आपली उरलेली पुरी वरणात बुडवून खाल्ली आणि मोबाइल खिशात टाकला.

टेंभी नाक्यावर कुठे खावं, असं कोणी विचारलं तर मी त्या उडप्याकडे पाठवीन. सांबार गोड आहे, हे आधीच सांगून.